ब्लड कॅन्सरची क्लिनिकल ट्रायल: नाशिकच्या रुग्णाने कुठून सुरुवात करायची

‘ट्रायल’, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवर होणारी शास्त्रीय चाचणी, हा शब्द बहुतेक घरांत फार उशिरा येतो. दोन प्रकारची केमो होऊन गेलेली असते, आजार उलटलेला असतो आणि मग कुणीतरी सुचवतं, “टाटाला काही नवीन चालू आहे का बघा.” तेव्हाही बघावंच. पण ब्लड कॅन्सरच्या बऱ्याच ट्रायल्स नव्याने निदान झालेल्या, अजून औषधाचा एकही डोस न घेतलेल्या रुग्णांसाठी असतात. पहिली केमो सुरू झाली की त्यांतून नाव बाद होतं. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सरळ विचारा: “आमच्या आजारासाठी सध्या एखादी ट्रायल चालू आहे का? आणि आज हे औषध घेतलं तर तिच्यात जाता येईल का?”

असं विचारलं म्हणून डॉक्टरांना राग येत नाही. आला तर तो त्यांचा प्रश्न.

मात्र एक गोष्ट पक्की ठेवा. अक्यूट ल्युकेमियात (झपाट्याने वाढणारा रक्तपेशींचा कॅन्सर), त्यातही एपीएल या प्रकारात, रक्तस्रावाचा धोका इतका असतो की उपचाराला काही तासांचा उशीरही परवडत नाही. तिथे ट्रायल शोधण्यासाठी औषध थांबवायचं नाही. सीएमएल आणि सीएलएल हे सावकाश चालणारे ल्युकेमिया, मायलोमा (मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर), सावकाश वाढणारे लिम्फोमा (लसीका गाठींचा कॅन्सर) यांत सहसा थोडा अवधी मिळतो. तुमच्याकडे किती दिवस आहेत, हे डॉक्टरांकडूनच कळेल.

प्रयोगाचे उंदीर?

घरातली वडीलधारी माणसं हे म्हणणारच. त्यांना उत्तर द्यायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. १९८०च्या दशकात मुंबईचं टाटा, चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी लहान मुलांच्या एएलएल या अक्यूट ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती वापरून तिचे निकाल नोंदवत नेले. आपल्याकडे मुलं ल्युकेमियातून बरी होऊ शकतात, हा विश्वास अशा कामातून आला. सीएमएलची इमॅटिनिब ही गोळी १९९८ मध्ये ट्रायलमधल्या रुग्णांनी पहिल्यांदा घेतली, २००१ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आज नाशिकमधलेही सीएमएलचे रुग्ण ती रोज जेवणाबरोबर घेतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. त्याआधी तोही ट्रायलच होता.

पण याचा अर्थ नवं औषध जुन्यापेक्षा चांगलंच असतं असा नाही. तसं आधीच माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती? काही औषधं फसतात, काहींचे दुष्परिणाम जास्त निघतात. ट्रायलमध्ये जायचं ते हे गृहीत धरून.

टप्पे थोडक्यात सांगतो. पहिल्या टप्प्यात किती डोस झेपतो आणि औषध कितपत सुरक्षित आहे हे बघतात. कॅन्सरच्या औषधांत हे बहुधा निरोगी माणसांवर न करता रुग्णांवरच होतं. दुसऱ्यात औषध काम करतं का हे बघतात. तिसऱ्यात, सहसा शेकडो रुग्णांमध्ये, सध्याच्या चांगल्या उपचाराशी त्याची तुलना होते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. पहिल्यांदाच निदान झालेल्या माणसाला तिसऱ्या टप्प्याची ट्रायल मिळत असेल तर तिच्यात अनिश्चितता त्यातल्या त्यात कमी असते. पहिल्या टप्प्याचा विचार बहुतेक वेळा प्रचलित उपाय संपल्यावर होतो.

तुलना असते तिथे कुणाला कोणता गट मिळणार हे संगणक ठरवतो. डॉक्टरांची ओळख, आमदारांचं पत्र, काही चालत नाही. “मग मला नुसतं पाणी टोचणार का?” असं सगळेच विचारतात. सक्रिय ब्लड कॅन्सरमध्ये रुग्णाला फक्त प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसवर, ठेवणं दुर्मीळ असतं. बहुधा दोन्ही गटांना प्रचलित उपचार मिळतो, एका गटाला त्यावर नवं औषध आणि दुसऱ्याला त्यावर प्लासिबो. तरी स्वतः विचारून खात्री करा.

याशिवाय काही अभ्यास फक्त निरीक्षणाचे असतात. त्यात नवं औषध नसतं. तुमचं रक्त, मॅरोचा नमुना आणि उपचारांची माहिती गोळा होते. त्यांचा तुमच्या उपचारावर परिणाम होत नाही आणि सामील होण्यात धोकाही कमी असतो. पण “आम्हाला ट्रायल मिळाली” म्हणून नातेवाइकांना फोन करण्याआधी आपला अभ्यास यांतला कोणता, ते बघून घ्या.

पायरी पहिली: आजाराचं पूर्ण नाव आणि फाइल

‘ब्लड कॅन्सर आहे’ एवढ्यावर कुठलीही ट्रायल सापडत नाही. अक्यूट ल्युकेमिया असेल तर एएमएल की एएलएल? बी-सेल की टी-सेल? बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? एएमएल असेल तर एफएलटी३, एनपीएम१ या जनुकांचा रिपोर्ट काय? लिम्फोमा असेल तर हॉजकिन की नॉन-हॉजकिन, त्यातला कुठला, आणि कुठली स्टेज? आज ट्रायलची दारं याच तपशिलांवर उघडतात किंवा बंद होतात.

फाइलमध्ये हे सगळं हवं: बोन मॅरोचा रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्री, सायटोजेनेटिक्स आणि जनुकीय तपासण्या, बायोप्सी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, पेट स्कॅन आणि त्याची सीडी, आतापर्यंतचे सगळे डिस्चार्ज पेपर. स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) लॅबकडून मागून घ्या. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ते हमखास लागतात. बोन मॅरो पुन्हा करायची वेळ टळली तर रुग्ण तुम्हाला दुवा देईल.

त्यावर एक साधं पान तारखेनुसार लिहून लावा: कधी कोणतं औषध सुरू झालं, किती सायकल झाल्या, कधी आणि का थांबवलं, त्यानंतर आजार किती काळ दबला. आधी ‘किती लाइन’, म्हणजे एकामागून एक किती वेगवेगळे उपचार, झाले आहेत यावर बरंच अवलंबून असतं, आणि पाच वर्षांच्या चुरगळलेल्या कागदांतून ते मोजायला ट्रायलचं कामकाज बघणाऱ्या कोऑर्डिनेटरकडे वेळ नसतो.

स्टेरॉइडबद्दल वेगळं सांगायला हवं. गळ्यात गाठी आल्या, ताप उतरेना, म्हणून गावातल्या दवाखान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. लिम्फोमा आणि एएलएल स्टेरॉइडने तात्पुरता दबतो. त्यामुळे बायोप्सी फसवी येऊ शकते आणि काही ट्रायल्समध्ये प्रवेशही नाकारला जातो. गाठीचं निदान व्हायचं असेल तोवर स्टेरॉइड देत आहेत का, आणि देत असतील तर का, हे विचारा. घेऊन झालं असेल तर लपवू नका. तेच आयुर्वेदिक भस्मं, काढे आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या पुड्यांचं. यकृताचे आकडे बिघडले की कारण शोधताना हे सगळं बाहेर येतंच.

पायरी दुसरी: नोंदणीत शोधा

भारतात होणाऱ्या ट्रायल्सची सरकारी नोंदणी आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्याकडे तिचं काम आहे. ती २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. पत्ता: सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. पैसे लागत नाहीत, लॉगिनही नाही.

शोध इंग्रजीतूनच करावा लागतो. कॉलेजला जाणाऱ्या भाचीला शेजारी बसवा. ल्युकेमियाचं स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धतींनी टाकून बघा; एकाने न सापडलेलं दुसऱ्याने सापडतं. यादी मोठी येईल. तिच्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे छोटे प्रबंधही असतील आणि आयुर्वेदाचे अभ्यासही. घाबरू नका, प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी बघा.

भरती चालू आहे का, हे सगळ्यात आधी. ‘भरती सुरू’ असं असेल तरच पुढे वाचा. मग पात्रतेचे निकष, कोण चालेल आणि कोण नाही. मग कोणत्या शहरांत, कोणत्या हॉस्पिटलांत. शेवटी सर्वसामान्यांच्या प्रश्नांसाठी दिलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन. नोंदणी क्रमांक वहीत उतरवा. पुढे फोनवर तोच सांगितला की समोरच्याला लगेच कळतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या नोंदणीतही देश म्हणून भारत निवडून शोधता येतं; आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या ट्रायल्स तिथे सविस्तर दिसतात.

ठिकाणांच्या यादीत नाशिक आहे का, हे अवश्य बघा. एचसीजी मानवता कॅन्सर सेंटरचं नाव अनेक कॅन्सर-अभ्यासांखाली असतं. ब्लड कॅन्सरसाठी, त्यातही ट्रान्सप्लांट आणि कार-टीसाठी, नजर मुंबई-पुण्याकडे वळते: परळचं टाटा, टाटाचंच खारघरचं ॲक्ट्रेक, आणि काही खासगी हॉस्पिटलं. जवळ मिळत असेल तर जवळचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच.

पायरी तिसरी: फोन

फोन बहुधा ट्रायल कोऑर्डिनेटर उचलतात. घाईत असतात. लांबण न लावता एवढं सांगा:

“नमस्कार, मी नाशिकहून बोलतेय. माझे वडील, वय ६१, मल्टिपल मायलोमा, दोन लाइन उपचार झालेत, शेवटचा डोस दीड महिन्यापूर्वी. चालते-फिरते आहेत, स्वतःचं स्वतः करतात. क्रिएटिनिन १.१. तुमच्या या क्रमांकाच्या ट्रायलमध्ये भरती चालू आहे का, आणि ते बसतील का?”

वय, आजार, किती उपचार, शेवटचा डोस कधी, चालतात का, किडनी-लिव्हर कसं. एवढ्यावर ते प्राथमिक हो-नाही सांगू शकतात. शेवटच्या डोसची तारीख महत्त्वाची, कारण जुनं औषध शरीरातून जाण्यासाठी मध्ये ठरावीक दिवस जावे लागतात. रिपोर्ट पाठवायला सांगितलं तर सलग पीडीएफ पाठवा. गाडीत बसून काढलेले तिरपे फोटो कुणालाही वाचता येत नाहीत.

या फोनवर कुणी “इतके लाख भरा, मग ट्रायलमध्ये घेतो” म्हणालं तर थांबा. चाचणीखालच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिरातींबाबत तर फार सावध राहा. ब्लड कॅन्सरमधलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडचे स्टेम सेलचे बहुतेक वापर आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त संशोधनातच चालतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

पायरी चौथी: कन्सेंट फॉर्म

यावर, म्हणजे ट्रायलच्या संमतीपत्रावर, वेळ घालवा. पंधरा-वीस पानं असतात, आणि ती तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळणं हा नियम आहे. मराठी प्रत मागा. घरी घेऊन या, रात्री मोठ्याने वाचा, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा. “आत्ताच सही करा” असं म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा, “उद्या येतो.” रुग्णाला वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर समजावून अंगठा घेतात, हा साक्षीदार हॉस्पिटलच्या ट्रायल टीममधला नसावा. लहान मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागतेच, पण ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी तयारीही घेतात. काही ट्रायल्समध्ये संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा बघून दचकू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

फॉर्मवर तुमचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. हे बघून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी नॉमिनी असतो. मराठी घरात हे बोलणं अवघड, पण एफडीवर लिहितो तसंच इथेही लिहायचं.

२०१९च्या नव्या औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनी रुग्णाला ठोस हक्क दिले आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार, आणि इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळे झाल्याचं ठरलं तर भरपाई. गंभीर घटना घडली की संशोधक डॉक्टरने ती २४ तासांत कळवायची असते. रुग्णांच्या हिताची काळजी घेणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय ट्रायल सुरूच होत नाही, आणि त्या कमिटीचा फोन फॉर्मवर असतो. डॉक्टरांशी बोलून समाधान झालं नाही तर त्या नंबरवर बोला. सही केलेल्या फॉर्मची प्रत तुमच्या हातात पडलीच पाहिजे. आणि ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता. त्यानंतरही तुमचा नेहमीचा उपचार नाकारता येत नाही.

सही करण्याआधी हे विचारा: मी ट्रायलमध्ये गेलो नाही तर माझा उपचार काय असेल? जास्तीचे बोन मॅरो किती वेळा? औषध लागू पडलं तर ट्रायल संपल्यावर ते मिळत राहील का? तरुण रुग्ण असेल तर मूल होण्याच्या क्षमतेचं काय, शुक्राणू किंवा बीजांडं आधी साठवून ठेवता येतील का? हा शेवटचा प्रश्न डॉक्टर विसरतात आणि घरचे लाजतात. तुम्ही विचारा.

पैशांचा हिशोब

‘ट्रायल मोफत असते’ हे अर्धं खरं. नवं औषध आणि ट्रायलसाठीच्या जास्तीच्या तपासण्या मोफत असतात. पण सोबत चालणारी नेहमीची केमो, प्लेटलेट, ताप आल्यावरचं ॲडमिशन, यांचं बिल कुणाचं? कंपनीच्या ट्रायलमध्ये बराच भार कंपनी उचलते. हॉस्पिटलने स्वतः हाती घेतलेल्या संशोधनात निधी बेताचा असतो, आणि बाजारात मिळणारी औषधं तुम्हालाच घ्यावी लागू शकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कोणता भाग बसेल, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा. खासगी विमा असेल तर पॉलिसीत ‘सिद्ध न झालेले उपचार’ वगळले आहेत का ते वाचा. बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. प्रवासखर्च आणि बुडालेला रोज देता येतो, पण तो मागावा लागतो.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत आहे: सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण. सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्या.

पायरी पाचवी: तापाची रात्र

कंटाळा आला असेल तर वरचं काही वगळलंत तरी चालेल, हे मात्र वाचा.

ट्रायलमध्ये पहिले एक-दोन महिने आठवड्याला एक-दोन फेऱ्या होऊ शकतात. सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरायचं, परळला टाटा. खारघरला जायचं तर ठाण्याला उतरून पनवेलची लोकल. जमतं. मुक्काम करायचा तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, हॉस्पिटलचा समाजसेवा विभाग अशा ठिकाणांसाठी मदत करतो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबर छाटणी आणि काढणीच्या तारखा ट्रायलच्या कॅलेंडरशी आधीच ताडून बघाव्यात, कारण ट्रायलची तारीख दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा हलत नाही. सिंहस्थाच्या पर्वकाळात गर्दी आणि रस्ते बंद, दोन्हींचा विचार करा.

खरा प्रश्न वेगळा आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. रात्री दोन वाजता अंगात १०१ ताप. तुम्ही सिडकोत किंवा सटाण्यात, ट्रायलचं हॉस्पिटल मुंबईत, मध्ये कसारा घाट. अशा वेळी ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की ती इमर्जन्सी असते, आणि हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मुंबई गाठेपर्यंत थांबणं धोक्याचं.

म्हणून सही करण्याआधीच नाशिकमधलं एक हॉस्पिटल आणि एक डॉक्टर ठरवा, जे रात्री घेतील. बरीच हॉस्पिटलं “ट्रायलचा पेशंट आहे, आम्ही हात लावत नाही” म्हणतात. तसं होऊ नये म्हणून ट्रायलच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या: कोणतं औषध चालू आहे, ताप आल्यास काय द्यावं, काय देऊ नये, रात्रीचा फोन कोणता. ते पत्र आणि ट्रायलचं कार्ड रुग्णाच्या पाकिटात, फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. रुग्णाला रेडिएशन दिलेलं रक्त लागतं का, हेही त्यात लिहून घ्या, आणि ते नाशिकमध्ये कुठे मिळेल याची आधीच चौकशी करा. प्लेटलेटसाठी चार-पाच दात्यांची यादी तयार ठेवा. भाऊबंद, मित्रमंडळ, जे असतील ते. मात्र पुढे ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नाशिकमध्ये ॲडमिट झालात तर सकाळी ट्रायलच्या माणसाला कळवायचंच. विसरून चालत नाही, कारण त्यांच्या लेखी ती गंभीर घटना असते आणि २४ तासांचं घड्याळ सुरू झालेलं असतं.

घरात रात्री गाडी चालवणारं कुणी नाही, जवळचं हॉस्पिटल तयार नाही, आणि मुंबईत दोन महिने खोली घेणंही शक्य नाही, अशी स्थिती असेल तर चांगल्या ट्रायललाही नाही म्हणण्यात काही गैर नाही.

बाद झालात तर, आणि संपल्यावर

सहीनंतर पुन्हा तपासण्या होतात, आणि त्यात बरेच जण गळतात. हिपॅटायटिस बी निघतो, बिलिरुबिन वाढलेलं असतं, एखाद्या जनुकाचा रिपोर्ट जुळत नाही. बाद होण्याचं नेमकं कारण लिहून घ्या. कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासता येईल का, हे विचारा. काही ट्रायल्समध्ये दुसरी संधी असते. झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट मागा, ते पुढच्या उपचाराला उपयोगी पडतात.

ट्रायल पूर्ण झाली तरी फोन येत राहतात, कधी वर्षानुवर्षं. “कसे आहात, दुसरा काही उपचार घेतला का?” उचला. औषधाचा उशिरा दिसणारा परिणाम त्यातूनच कळतो, आणि काही नवा धोका लक्षात आला तर तुम्हाला सांगण्यासाठीही हाच नंबर असतो. मोबाइल नंबर बदलला तर कोऑर्डिनेटरला कळवा, आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ट्रायलचा निकाल लागला की तो याच क्रमांकावरून शोधता येतो.